वनस्पतीशास्त्राच्या वर्गात तेंदूचा हिशेब

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते. मोह, तेंदू, ऐन, चारोळी ही झाडं माझी मुलं वर्गात येण्याआधीच ओळखतात. मी त्यांना शास्त्रीय नावं सांगते, एवढंच. पण तेंदूपानाचा लिलाव कसा होतो, कंत्राटदाराच्या करारात कुठली अट आधी वाचायची, हे तीन वर्षांच्या पदवीत कुठंच येत नाही. म्हणून नव्या शैक्षणिक धोरणातल्या मायनर विषयाकडे मी आशेनं बघते.

मुख्य विषय तो मेजर आणि जोडीचा, कमी क्रेडिटचा दुसरा विषय तो मायनर. राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात त्याला १८ ते २० क्रेडिट दिली गेली आणि तो दुसऱ्या विद्याशाखेतून घेण्याची मुभाही मिळाली. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३०. थोडक्यात, महाविद्यालयानं विषय उघडला तर इतिहास किंवा वनस्पतीशास्त्र घेतलेल्या मुलीला बी.कॉम.ला न जाताही उद्योजकता शिकता येईल.

प्रश्न आहे तो काय शिकवायचं याचा. पुण्या-मुंबईचा अभ्यासक्रम इथं जसाच्या तसा आणला, तर मुलं स्टार्टअप आणि गुंतवणूकदार पाठ करतील आणि विसरतील. आमच्याकडचा सर्वांत मोठा उद्योजक एकटा माणूस नाही, ग्रामसभा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती आलं आणि गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं बांबू विकला, पण तेंदूपान तोडायचं नाही असं ठरवलं; फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात म्हणून. हातचं उत्पन्न विचारपूर्वक सोडणं हासुद्धा व्यवसायातलाच निर्णय आहे, आणि तो वर्गात चर्चेला यायला हवा.

तेंदूचंच घ्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे सत्तर हजार पानं. फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, पुडे मोजून घेतले जातात, उन्हात वाळतात, मग गोण्या भरल्या जातात. तोडणाऱ्याला मजुरी मिळते, ग्रामसभेला रॉयल्टी. आता अवकाळी पाऊस आला आणि फळीवरचे पुडे भिजले, तर नुकसान कुणाचं? पैशाचा हप्ता कंत्राटदारानं माल उचलण्याआधी द्यायचा की नंतर? करारात हे लिहिलेलं नसेल, तर महिनाभराचे कष्ट वादात अडकतात. ताळेबंद वाचणारी, करार समजणारी गावातलीच मुलगी तिथं बसली, तर ग्रामसभेला बाहेरच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

मोहाचं गणित वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात, बाजारात एकदम येतात आणि भाव खाली जातो. पावसाळ्यापर्यंत साठवायची, तर ओल किती ठेवायची, बुरशी कशी टाळायची हे माझं वनस्पतीशास्त्र सांगतं. साठवणुकीचा खर्च निघतो का, हे उद्योजकता. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा मोहाचे लाडू, सरबत असे खाद्यपदार्थ विकायला इथं दुहेरी कारण आहे.

पालक विचारतात, नोकरी मिळेल का? पोलीस भरती, वनरक्षकाची परीक्षा यांची ओढ मला समजते. घरात एक पगार येणं फार मोठी गोष्ट आहे. पण जागा थोड्या आणि अर्ज फार. हा विषय शिकून प्रत्येकानं दुकान टाकावं असं मी म्हणतच नाही. गावाचा हिशेब नीट ठेवता आला, तरी शिक्षण वाया गेलं नाही.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोली आणि चंद्रपूर याच दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झालं. संलग्न महाविद्यालयांना माझी विनंती आहे: उद्योजकतेचा हा मायनर सुरू करा, शिकवायला ग्रामसभेचे अनुभवी लोक बोलवा, आणि उन्हाळी परीक्षा लवकर आटोपून प्रात्यक्षिक मे महिन्यात तेंदूच्या फळीवर घ्या.