आधी मागणी, मग दुकान

शहरातल्या ग्राहकाने टोमॅटोसाठी 100 रुपये मोजले, तर त्यातले सुमारे 33 रुपये शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्यात हा वाटा 36 रुपयांच्या आणि बटाट्यात 37 रुपयांच्या आसपास असतो. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधातले हे आकडे आहेत. ते वाचले की आपला राग आधी दलालावर निघतो. त्याच्या वाट्याचा दोष त्याला द्यायलाच हवा, पण उरलेला सगळा पैसा त्याच्याच खिशात जातो असे नाही. वाहतूक, हमाली, तोलाई, बारदान, नासाडी, गाळ्याचे भाडे असे खर्च त्यातूनच भागतात. शिवाय कोणत्याही पावतीवर न दिसणारा आणखी एक खर्च त्यात असतो, तो म्हणजे अनिश्चिततेचा. आज नेमका किती माल खपेल हे शेतकऱ्याला ठाऊक नसते, अडत्याला नसते आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही नसते. म्हणून प्रत्येक जण पडून राहणाऱ्या मालाचे नुकसान आधीच भावात धरतो. ग्राहकांनी एकत्र येऊन किराण्याची सहकारी व्यवस्था उभी करायची ती हा खर्च कमी करण्यासाठी. काय, किती आणि कोणाकडून घेणार हे शंभर कुटुंबांनी आधी सांगितले, तर भाव खाली यायला जागा निर्माण होते आणि छोट्या उत्पादकाला उभे राहायला जमीन मिळते. स्वस्ताई हे या व्यवस्थेचे फळ आहे, तिचे मूळ ग्राहकाच्या शब्दात आहे. हा क्रम जिथे उलटला, तिथे सहकारी दुकाने बुडाली.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावाचे उदाहरण सहकाराच्या प्रत्येक भाषणात येते, पण त्यातला हा धागा सहसा सुटतो. 21 डिसेंबर 1844 रोजी तिथल्या विणकरांनी आणि इतर कामगारांनी दुकान उघडले तेव्हा त्यांचे भांडवल होते 28 पौंड, आणि विकायला होते लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. त्या काळी पिठात भेसळ असे, वजनात मारले जाई आणि उधारीच्या फासात कामगार एकाच दुकानदाराशी बांधला जाई. रॉचडेलकरांनी बाजारापेक्षा स्वस्त विकण्याचा हट्ट धरला नाही. माल शुद्ध, वजन चोख, व्यवहार रोखीचा आणि भाव साधारण बाजाराचाच ठेवला. नफा मात्र भागभांडवलाऐवजी खरेदीच्या प्रमाणात वाटला. ज्याने जास्त माल घेतला त्याला जास्त परतावा, आणि मत मात्र प्रत्येकाला एकच. दुकानावर कोण किती विसंबून आहे याची मोजणीच या हिशेबात बसवलेली होती. सभासद दुसरीकडे गेला तर त्याचा परतावा घटे, म्हणून तो टिकून राही. तो टिकून राहिला म्हणून दुकानाला मालाची आखणी करता आली.

आपल्याकडे ग्राहक सहकार अगदी लवकर आला. मद्रासमध्ये ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी 1904 मध्येच सुरू झाली होती. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत 1948 मध्ये ‘अपना बाजार’ उभा राहिला आणि पुढे तो मध्यमवर्गाच्याही सवयीचा झाला. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वाढलेल्या वारणेच्या सहकारी संकुलातून ‘वारणा बाजार’ने मोठ्या दुकानाची सोय खेड्यापर्यंत नेली. दुसरीकडे सरकारनेही हे काम हाती घेतले. 1966 मध्ये रुपयाच्या अवमूल्यनानंतर भाववाढ रोखण्यासाठी दिल्लीत ‘सुपर बझार’ उघडला गेला. तो नावाने सहकारी होता, पण वाढला सरकारी छत्राखाली, आणि 2002 मध्ये बंद पडला. दरम्यान मुंबईत घडलेली एक गोष्ट ग्राहक सहकाराच्या अभ्यासकांनी नीट पाहावी अशी आहे. राधाकिशन दमानी यांनी 1999 मध्ये नेरूळला ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून पाहिली. ते प्रारूप त्यांना पटले नाही. 2002 मध्ये त्यांनी पवईत स्वतःचे दुकान काढले, ते म्हणजे ‘डी-मार्ट’. त्याचा पुढचा विस्तार आपण पाहतोच आहोत. मोठी खरेदी, रोख व्यवहार, कमी खर्च आणि कमी भाव एवढीच स्पर्धा असेल, तर चोख चालवलेले खासगी दुकान सहकारी दुकानाला मागे टाकणारच. सभासदाने नुसते गिऱ्हाईक होऊन राहायचे ठरवले की सहकारी दुकानाकडे वेगळे असे काही उरत नाही.

वेगळेपण कशात असते ते दुसऱ्या एका प्रयोगात दिसते. 1972 च्या दुष्काळानंतरची ती वर्षे. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच अस्वस्थतेतून बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन केली. कायद्याच्या भाषेत ती सहकारी संस्था नव्हे, स्वयंसेवी संस्था आहे. पण तिची वाणसामान वितरणाची पद्धत सहकाराच्या गाभ्याला धरून आहे. तिने दुकान काढलेच नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ व्हायचा, संघाने महिन्याची मागणी आधी नोंदवायची, संस्थेने ती एकत्र करून घाऊक खरेदी करायची आणि आलेला माल सभासदांनीच आपसात वाटून घ्यायचा. यात काचेचे शोकेस नाही, जाहिरात नाही, मोक्याच्या जागेचे भाडे नाही आणि न खपलेल्या मालाची चिंता जवळपास नाही. जपानमध्ये ‘सेइकात्सू क्लब’ही याच वाटेने गेला. 1965 मध्ये टोकियोतल्या गृहिणींनी एकत्र दूध घेण्यापासून तो सुरू झाला, 1968 मध्ये त्याची सहकारी संस्था झाली, आणि शेजारी कुटुंबांच्या छोट्या गटांनी आधी मागणी नोंदवायची या शिस्तीवर तो लाखो सभासदांपर्यंत वाढला. दुधाचा दर्जा, भाज्यांवरची फवारणी, साबणातली रसायने याबद्दल हे सभासद उत्पादकाशी थेट बोलणी करू शकले, कारण त्यांच्या हाती पक्की मागणी होती. 1989 मध्ये या संस्थेला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. दोन देशांतल्या या दोन प्रयोगांचे सूत्र एकच आहे. आधी माणसे जोडायची, मग मागणी पक्की करायची. दुकान लागलेच तर त्यानंतर.

छोट्या उत्पादकासाठी या सूत्राचा अर्थ काय, ते एका साध्या हिशेबाने कळेल. समजा 300 कुटुंबांनी महिन्याला 5 किलो ज्वारी घेण्याचे कबूल केले. महिन्याचे 15 क्विंटल झाले, वर्षाचे 180. हेक्टरी 10 क्विंटल उत्पादन धरले, तर ही 18 हेक्टरांची ज्वारी झाली. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या 18-20 शेतकऱ्यांना पेरणीआधीच गिऱ्हाईक मिळाले. मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, नवापूरची तूरडाळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकनाने नाव राखले जाते, पण त्याबरोबर गिऱ्हाईक मिळतेच असे नाही. बचतगटांच्या मसाल्यांचे आणि पापडांचेही तेच होते. प्रदर्शनात चार दिवस झुंबड उडते आणि पाचव्या दिवशी माल घरी परत येतो. अशा उद्योगाला मोठ्या दुकानाच्या फळीवर जागा मिळवायची तर सलग पुरवठा, कमी भाव आणि पैशांसाठी थांबण्याची ताकद लागते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत असे 2006 चा कायदा सांगतो. तरी दाणे, तेल, मिरची रोखीने विकत घेणाऱ्या गटाला 45 दिवसही फार होतात. मागणी आधी नोंदवणारा संघ काही रक्कम आगाऊ देऊ शकतो. कर्ज आणि अनुदान यांच्याइतकीच, काही वेळा त्याहूनही अधिक, या उद्योगांना अशा आगाऊ मागणीची गरज असते. 2016 मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केल्यापासून शेतकऱ्याकडून थेट भाजी घेण्यातला कायद्याचा मोठा अडथळाही दूर झाला आहे.

आता आक्षेप. दहा मिनिटांत दारात सामान येत असताना महिन्याची यादी कोण करत बसेल, हा पहिला. तो खरा आहे, पण सगळ्या किराण्याला लागू नाही. संपलेले दूध किंवा अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी लागणारी बिस्किटे या व्यवस्थेत बसणार नाहीत आणि बसवूही नयेत. मात्र तांदूळ, ज्वारी, डाळी, तेल, गूळ, मसाले, साबण यांचा खप घरोघरी जवळजवळ ठरलेला असतो. संघाची व्यवस्था तेवढ्यासाठी पुरेशी आहे. सहकाराला मोठा आवाका झेपत नाही, हे म्हणणेही पुराव्यावर टिकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या किराणा व्यापारातल्या ‘मिग्रोस’ आणि ‘कोऑप’ या दोन सर्वांत मोठ्या साखळ्या सहकारी आहेत.

दुसरा आक्षेप कोपऱ्यावरच्या वाण्याचा. तोही छोटा उद्योजकच; ग्राहकांचा संघ त्याच्या पोटावर पाय देणार नाही का? काही प्रमाणात त्याचा धंदा कमी होईल, हे मान्य केले पाहिजे. पण आज त्याला मोठा धोका आहे तो साखळी दुकानांचा आणि अ‍ॅपवाल्या कंपन्यांचा. संघाने त्याच्याशी भांडण्याऐवजी त्याचे गोदाम, त्याचा काटा आणि त्याचा गडी ठरावीक मोबदल्यावर वापरला, तर दोघांचाही खर्च वाचतो. शिवाय सहकाराचा मार्ग वाण्यांनाही मोकळा आहे. जर्मनीतली ‘एडेका’ ही आज तिथल्या सर्वांत मोठ्या किराणा साखळ्यांपैकी एक आहे. तिचे मूळ 1898 मध्ये बर्लिनच्या छोट्या दुकानदारांनी एकत्रित खरेदीसाठी केलेल्या सहकारी संघात आहे. एकेका तालुक्यातल्या किराणा दुकानदारांनी असा संघ केला, तर घाऊक भावात त्यांनाही सौदा करता येईल.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. महाराष्ट्रात सहकार म्हटले की बिनविरोध निवडणुका, नात्यागोत्यातले संचालक, नोकरभरती आणि बुडालेल्या ठेवी डोळ्यांसमोर येतात. किराण्याची संस्था त्यातून सुटेल याची हमी काय? कायदा ती हमी देऊ शकत नाही, रचना थोडीफार देऊ शकते. जिथे भांडवल, जमीन आणि नोकऱ्या साठतात तिथे सत्ता साठते. आधी मागणी घेऊन माल आणणाऱ्या संस्थेकडे साठा कमी, मालमत्ता कमी, आणि सभासदाला दर महिन्याला वजन, दर्जा, भाव स्वतः तपासता येतो. साखर कारखान्याचा ताळेबंद सामान्य सभासदाला उमगत नाही, तूरडाळ मात्र कोणालाही ओळखता येते. तरी संस्था लहान ठेवणे, खरेदीचे भाव सर्वांना दाखवणे आणि पदाधिकाऱ्यांच्या मुदतीला मर्यादा घालणे हे नियम पहिल्या दिवसापासून हवेत.

चौथा प्रश्न न्यायाचा. याद्या, वाटप, हिशेब हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्या विनामोल श्रमावर चालते. आणि रोजंदारीवर जगणारे कुटुंब महिन्याचे पैसे एकदम आणणार कुठून? रोखीचा नियम रॉचडेललाही गरिबातल्या गरिबापासून दूर ठेवत होता. म्हणून वाटपाचे काम पुरुषांसह सर्व घरांत पाळीने वाटले पाहिजे किंवा त्याचे मानधन भावात धरले पाहिजे, मग माल किलोमागे रुपया-दोन रुपयांनी महाग पडला तरी चालेल. वस्त्यांमध्ये पैसे आठवड्याला आणि बचतगटामार्फत घेता येतात. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या व्यक्तीला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. उणीव राहते ती डाळ, तेल आणि भाजी यांची. गरीब वस्तीतल्या संघाने आपली ताकद तिथेच लावावी, कारण ताटातली प्रथिने आणि पोषण तिथूनच येते.

एवढे सगळे केल्यावरही प्रत्येक वस्तू बाजारापेक्षा स्वस्त मिळेल असे आश्वासन कोणी देऊ नये. सणासुदीच्या सवलतीत मोठे दुकान साखर तोट्यातही विकेल. त्या दिवशी संघाचे सगळे सभासद तिकडे वळले, तर वर्षभराची आखणी कोसळेल आणि आपल्या भरवशावर पेरणी केलेला शेतकरी पुन्हा अडत्याच्या दारात उभा राहील. म्हणून ज्यांना अशी व्यवस्था आपल्या गावात किंवा सोसायटीत हवी आहे, त्यांनी गाळा शोधण्याआधी, सरकारी योजनेचा अर्ज भरण्याआधी पंचवीस घरे गाठावीत. ज्वारी, तूरडाळ, तेल, गूळ, हळद एवढ्या पाचच वस्तू घ्याव्यात, प्रत्येक घराकडून एका वर्षाच्या मागणीची लेखी कबुली घ्यावी आणि ती यादी घेऊन जवळच्या शेतकरी गटाकडे जावे. पंचवीस घरांचा शब्द वर्षभर टिकला, तर संस्था नोंदवायला उशीर झालेला नसेल. तो टिकला नाही, तर दुकान न उघडल्याने सगळ्यांचेच पैसे वाचलेले असतील.