गांवच्या खेळांत आपला वांटा

लावणीची धांदल संपली, श्रावण सरत आला, कीं आमच्या खाडीपट्ट्यांतील वाड्यांवर रात्रीं मृदंग वाजूं लागतो. तुडीलसारख्या गांवीं त्या आवाजाचा अर्थ कोणास सांगावा लागत नाहीं. गणपति जवळ आले. जाखडीच्या तालमी सुरू झाल्या. आतां थोड्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी घरीं येतील. याच सुमारास शाळेंत परीक्षेच्या तयारीस आरंभ होतो. त्यामुळें दरवर्षीं आमच्याकडे दोन प्रकारचीं माणसें येतात. विद्यार्थी येतो तो विचारतो, "सर, मला मंडळात जायचंय, पण नाचता येत नाही. मला घेतील का?" त्याचे वडील येतात ते म्हणतात, "सर, पोरगा रोज रात्री तालमीला पळतो. तुम्हीच त्याला जरा समजवा." दोघांसही उपयोगीं पडावें या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम या खेळाचें स्वरूप पाहूं. जाखडीस कित्येक ठिकाणीं बाल्यानाच असेंही म्हणतात. मधोमध मृदंग व झांज घेऊन गाणारे बसतात आणि त्यांच्याभोंवतीं पायांत चाळ बांधलेले नाचणारे फेर धरतात. आरंभीं गणपतीचें स्तवन म्हणजे गण होतो, मागून गौळण होते, आणि मग रंगतो तो सवाल-जबाब. यांत शक्तिवाले व तुरेवाले असे दोन पक्ष असतात. शक्तिवाले, ज्यांस कलगीवाले असेंही म्हणतात, ते प्रकृतीस श्रेष्ठ मानतात. तुरेवाले पुरुषास म्हणजे शिवास श्रेष्ठ मानतात. एका पक्षाच्या शाहिरानें पुराणांतील एखादें कोडें गाण्यांतून घालावें व दुसऱ्यानें त्याचें उत्तर गाण्यांतूनच द्यावें, अशी रीत आहे. पाहणारास हा केवळ नाच वाटतो. परंतु शाहिरास रामायण, महाभारत व पुराणें मुखोद्गत असावीं लागतात, नाचणारास ताल सोडून चालत नाहीं, आणि वाजविणारास दोघांकडेही लक्ष ठेवावें लागतें. रत्नागिरीकडील नमन-खेळे व सिंधुदुर्गांतील दशावतार हीं याचींच भावंडें होत. दशावतारांत तर संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरते आणि बोलणें नट आयत्या वेळीं रचितात.

कोणी म्हणेल, हा खेड्यांतील खेळ. खरें नाटक निराळें. हा समज बरोबर नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' हा खेळ केला, तेव्हां त्यांच्याजवळही छापील संवाद नव्हते. सूत्रधार पदें म्हणे व पात्रें आपलीं भाषणें स्वतः जुळवीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, त्या वेळीं ते सरकारी नोकरींत होते. म्हणजे मराठी रंगभूमीचा पाया घालणारे पुरुष नाटकावर पोट भरणारे म्हणून पुढें आलेले नव्हते. आवड होती व तिच्यासाठीं ते कष्टले. आमच्या भागांतील जे लोक मुंबईच्या गिरण्यांत कामास गेले, तेही आपले मृदंग व आपल्या चाली बरोबर घेऊन गेले. गिरणगांवांत एकेका गांवच्या मंडळींनीं एकत्र राहावें, पाळी संपल्यावर तालीम करावी व परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणीं खेळ लावावा, असें कित्येक वर्षें चाललें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पण कोंकणी मंडळांचे खेळ कांहीं बंद पडले नाहींत. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेनेंही हौशी मंडळींस मोठें व्यासपीठ मिळवून दिलें. खेड्यांतील नाटक बसवितांना उडणाऱ्या गोंधळावर गंगाराम गवाणकरांनीं 'वस्त्रहरण' लिहिलें. तें १९८० सालीं व्यावसायिक रंगभूमीवर आलें आणि मालवणी बोलीनें साऱ्या महाराष्ट्रास हंसविलें. हंसणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तसली तालीम आपल्या गांवीं पाहिलेली होती, हेंच त्या यशाचें एक कारण असावें.

आतां विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे वळूं. मंडळांत शिरावयाचें दार कोणतें? आमचा अनुभव असा कीं, तें दार कामाचें आहे, कौशल्याचें नव्हे. जो पहिल्याच दिवशीं "मला मुख्य पार्ट द्या" म्हणतो, त्यास मंडळी हंसून बाजूस बसवितात. जो सतरंजी अंथरावयास हात लावतो, त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं सर्वांस ठाऊक झालेलें असतें. यांत मंडळींचा कोतेपणा नाहीं. फेरांतील एकाचा पाय चुकला तर मागच्याचा पाय अडतो. एक पात्र ऐन वेळीं आलें नाहीं तर सारा खेळ मोडतो. म्हणून कोणाच्या अंगीं किती कला आहे हें पाहण्यापूर्वीं तो सांगितल्या वेळीं येतो कीं नाहीं, हें मंडळी पाहतात.

तेव्हां आरंभीं चार-पांच रात्रीं नुसतें बसून ऐकावें. कोणत्या गाण्यास कोणती चाल, गाणारा श्वास कोठें घेतो, मृदंग कोठें थांबतो, हें कान देऊन ऐकलें म्हणजे अर्धें शिक्षण होतें. मग काम मागून घ्यावें. दिव्याची व्यवस्था, पिण्याचें पाणी, चाळ मोजून पेटींत ठेवणें, हीं कामें क्षुद्र नाहींत. त्यानंतर झील धरावी, म्हणजे शाहिराच्या मागून इतरांबरोबर गावें. झील धरणारा एकटा उघडा पडत नाहीं, आणि तरीही शब्द, सूर व ताल हीं तिन्ही त्याच्या अंगवळणीं पडतात. ज्यास वाजवावयाची आवड असेल त्यानें एकाच वाजविणाऱ्याजवळ बसून बोल तोंडानें म्हणावयास शिकावें. बोल जिभेवर बसल्यावांचून बोटांत उतरत नाहींत.

मंडळ नाटक करणारें असेल तर कामें आणखी पुष्कळ. प्रत्येक पात्राची नक्कल सुवाच्य अक्षरांत उतरून देणें, पडद्यामागून आठवण देणें, रंग व पोषाख सांभाळणें, पडदा ओढणें, वर्गणीचा चोख हिशेब ठेवणें. ज्याचें अक्षर चांगलें, ज्याचें गणित चांगलें, ज्यास सुतारकामाची अथवा चित्रकलेची आवड, अशा प्रत्येकास तेथें जागा आहे. लाजाळू मुलानें तर पडद्यामागूनच आरंभ करावा. पंधरा दिवस दुसऱ्याचीं भाषणें हलक्या आवाजांत सांगितलीं म्हणजे स्वतः बोलण्याची भीति पुष्कळ कमी होते.

येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. वाचावयास उभा केला कीं अडखळे. कविता त्याची कधीं पाठ नसे. तो रात्रीं जाखडीस जातो असें कळतांच आम्हांस कारण सांपडलें असें वाटलें. आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून तालीम बंद करविली. त्या वर्षीं तो गेला नाहीं. अभ्यास मात्र वाढला नाहीं. उलट मुलगा होता त्याहून गप्प झाला. पुढील वर्षीं वडिलांनीं त्यास पुन्हां जाऊं दिलें. गणपतींत आम्ही त्या वाडीवर गेलों असतां तो झील धरून उभा होता. भलें मोठें गाणें, पण त्याचा एक शब्द चुकला नाहीं. मध्येंच वृद्ध शाहीर एक चरण विसरले, तेव्हां तो यानें हळूच पुरविला. ज्याची स्मृति मंद म्हणून आम्हीं शिक्षा केली, तोच त्या रात्रीं साऱ्या मंडळाची स्मृति झाला होता. आम्ही खालीं मान घालून घरीं आलों. नंतर आम्हीं त्यास पाठ्यपुस्तकांतील कविता जाखडीच्या चालीवर म्हणावयास सांगितली. ती दोन दिवसांत पाठ झाली. वाचनांतील अडखळ एकदम गेली नाहीं, परंतु पुस्तकाची धास्ती गेली आणि मग वाचनही सुधारत गेलें. आज तो महाडच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे, व मंडळाचीं गाणीं वहींत उतरून ठेवण्याचें काम त्याच्याकडे आहे.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दार कामाचें आहे असें आम्हीं म्हटलें. पण तें सर्वांस सारखें उघडें आहे काय? जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलें, तें कमिटीनें नाकारलें. पुढें सत्यशोधक जलसे निघाले, आणि भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनीं आंबेडकरी जलसे गांवोगांवीं नेले. ज्यांस दुसऱ्यांच्या मंडपांत जागा नव्हती, त्यांनीं आपला मंडप स्वतः घातला. स्त्रियांच्या भूमिका पुष्कळ काळ पुरुषच करीत. १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या कुलीन स्त्रिया रंगभूमीवर उभ्या राहिल्या, तेव्हां ती मोठी नवलाची गोष्ट वाटली. आज शक्ति-तुऱ्याच्या सामन्यांत स्त्री-शाहीरही उतरतात. ज्या महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून तें सर्वांचें आहे हें दाखविलें, त्या महाडच्या परिसरांत तरी तालमीच्या ओट्यावर कोण बसतो, या वाडीचा कीं त्या वाडीचा, मुलगा कीं मुलगी, हा प्रश्न उरूं नये. कोणत्याही मंडळांत जातांना विद्यार्थ्यांनीं आपणांस जागा मिळाली एवढ्यावर संतुष्ट न होतां, शेजारच्या मित्रास ती मिळाली कीं नाहीं, हेंही पाहावें.

आम्ही स्वतः ख्रिस्ती आहों. गण हा आमच्या उपासनेचा भाग नाहीं. तरी तालमीस गेलों असतां आम्हांस कोणीं परकें मानलें नाहीं; आम्हीं वर्गणीचा हिशेब लिहिला व नाटकाच्या नकला तपासल्या. धर्म निराळा असलेल्यासही प्रामाणिकपणें करतां येईल असें काम प्रत्येक मंडळांत असतें. आमच्या खाडीपट्ट्यांत हिंदु, बौद्ध व मुसलमान शेजारीं शेजारीं राहतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

आतां पालकांस दोन शब्द. आपली काळजी अनाठायीं नाहीं. जागरणानें सकाळचा अभ्यास बुडतो. कांहीं ठिकाणीं दारू शिरते. सवाल-जबाबांत कधीं कधीं पुराण बाजूस राहून अभद्र टोमणे सुरू होतात. याचा उपाय सरसकट बंदी हा नव्हे. आपण एकदां स्वतः तालमीस जाऊन तास-दोन तास बसावें. मंडळ चांगलें असेल तर मुलाच्या परत येण्याची वेळ प्रमुखांशीं बोलून ठरवावी. बहुतेक मंडळी ती आनंदानें पाळतात. परीक्षेच्या आधीं कांहीं दिवस त्यास पडद्यामागील हलकें काम द्यावें, म्हणजे संबंध तुटत नाहीं व अभ्यासही होतो. मंडळ वाईट असेल तर मुलास काढून घ्यावें, परंतु कारण त्यास स्पष्ट सांगावें. नुसतें "जाऊं नको" म्हटल्यानें मुलगा जावयाचा थांबत नाहीं, सांगावयाचा थांबतो.

शेवटीं सर्व विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. आपल्या भागांतील पुष्कळ गाणीं अद्याप कागदावर उतरलेलीं नाहींत. वृद्ध शाहीर निवर्तले म्हणजे तीं त्यांच्याबरोबर जातात. प्रत्येकाजवळ मोबाईल असूनही हें घडतें, कारण गाणें टिपून घेण्यापूर्वीं गाणाराजवळ जाऊन बसावें लागतें, आणि त्यास आपण आपले वाटावें लागतों. या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वाडीवरील एका वडीलधाऱ्या माणसाजवळ जावें, त्यांची परवानगी घेऊन एक गाणें लिहून आणावें, आणि खालीं तें कोणाकडून शिकले व कोणत्या चालीवर म्हणतात हें नोंदवावें. शाळेच्या वाचनालयांत त्यासाठीं आम्हीं एक वही ठेविली आहे. ज्यास नाचतां येत नाहीं, गातां येत नाहीं, त्यासही हें काम करतां येईल. आणि कदाचित् तालमीच्या ओट्यावर त्याची जागा याच कामानें ठरेल.