ज्या वर्षी टीव्ही गावोगाव गेला

बालमित्रांनो, आज रात्री जेवताना घरात एक प्रश्न विचारा : "आपल्या गल्लीत पहिला टीव्ही कुणाकडे आला होता?" आजी-आजोबा असतील तर फारच छान! मग बघा गंमत. कुणी सांगेल, कौलावर चढून अँटेना कशी फिरवावी लागायची. खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! पुन्हा मुंग्या!" कुणाला लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा काळा-पांढरा टीव्ही आठवेल. कुणाला "रुकावट के लिए खेद है" ही पाटी आठवेल. आणि ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सगळी गल्ली, हे तर बहुतेक सगळेच सांगतील.

या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी एक वर्ष आहे. ते वर्ष म्हणजे १९८४. आपल्या देशात दूरदर्शन सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत. मुंबईला ते आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण कितीतरी वर्षं टीव्ही ही मोठ्या शहरांचीच मिजास होती. १९८४ मध्ये मात्र तो पायात भिंगरी बांधल्यासारखा निघाला आणि एका वर्षात कुठल्या कुठे जाऊन पोहोचला. कसा, ते पाहू या.

कंपास काढा!

भूगोलाच्या तासाला लागतो तो चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा नकाशा घ्या. कंपासचं टोक चंद्रपूर शहरावर ठेवा आणि २५ किलोमीटरचं वर्तुळ काढा. आपली भद्रावती कुठे आली? बरोब्बर वर्तुळाच्या काठावर! वरोरा वर्तुळाबाहेर. गडचिरोली बाहेर. आणि भामरागड? ते तर पार दूर, दीडशे किलोमीटरच्या आसपास.

हे २५ किलोमीटरच का घेतले? तर १९८४ मध्ये देशभरात जे छोटे प्रक्षेपक बसवले गेले, त्यांची ताकद असायची फक्त १०० वॅट. म्हणजे पूर्वी घरात असायच्या त्या पिवळ्या बल्बइतकी! उंच मनोऱ्यावरून निघालेल्या त्यांच्या लहरी साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटर जायच्या. जो गावात, त्याला स्वच्छ चित्र. जो काठावर, त्याला मुंग्या. म्हणून काठावरच्या गावांत बांबू उंच व्हायचे, अँटेनाला बूस्टर लागायचे. मधे डोंगर किंवा दाट जंगल आलं, तर मग विचारूच नका.

असे प्रक्षेपक किती बसवले असतील? त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात जवळजवळ रोज एक! वर्ष सुरू होताना देशातल्या चार माणसांमागे जेमतेम एक जण टीव्हीच्या टप्प्यात होता. मोहीम संपली तेव्हा निम्म्याहून जास्त लोक टप्प्यात आले होते. टप्प्यात येणं म्हणजे घरी टीव्ही असणं नव्हे बरं का! टीव्ही संच महाग होता. शिवाय १९८५ पर्यंत तो ठेवायला रीतसर परवाना लागायचा आणि दर वर्षी त्याची फी भरावी लागायची.

पण दिल्लीचं चित्र इतक्या गावांत एकाच वेळी जायचं कसं? तर त्यासाठी आधी ते आभाळात पाठवलं. 'इन्सॅट-१ बी' हा आपला उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानातून अवकाशात गेला होता. तो पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर होता. दिल्लीहून चित्र वर जायचं, उपग्रह ते खाली पाठवायचा, गावातली मोठी तबकडी ते झेलायची आणि तो १०० वॅटचा प्रक्षेपक ते घराघरांत वाटायचा. म्हणजे दिल्लीहून निघालेलं चित्र आपल्यापर्यंत ७२ हजार किलोमीटरचा फेरा मारून यायचं. तेही डोळ्याची पापणी लवेपर्यंत!

आकाशातून आलेला आवाज

आता त्या वर्षी पडद्यावर काय काय दिसलं ते पाहू.

३ एप्रिल १९८४. राकेश शर्मा 'सोयूझ टी-११' यानातून अवकाशात गेले. अवकाशात जाणारे ते पहिले भारतीय. तिथून त्यांचं पंतप्रधान इंदिरा गांधींशी बोलणं झालं. वरून भारत कसा दिसतो, असं त्यांनी विचारलं आणि राकेश शर्मांनी कवी इक्बाल यांच्या प्रसिद्ध गीताच्या शब्दांत उत्तर दिलं. आजही तो प्रसंग दाखवला की मोठी माणसं हातातलं काम थांबवून बघतात.

मग आला ऑगस्ट महिना आणि लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत केरळची पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली. तिची वेळ ५५.४२ सेकंद. तिसरी आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१ सेकंद! सेकंदाच्या शंभराव्या भागानं कांस्यपदक हुकलं. पापणी लवायला लागतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढासुद्धा वेळ नाही हो हा! पदक गेलं, पण 'उषासारखं पळ' असं पोरींना सांगणारे आईबाप देशभर तयार झाले, हे काही कमी नव्हे.

हसवायला त्याच वर्षी आली 'ये जो है ज़िंदगी'. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी नेहमीच्या भूमिकेत, आणि सतीश शाह मात्र दर भागात नव्या वेषात. "आज सतीश शाह कोण होणार?" यावर पैजा लावायला घरोघरी मजा यायची.

'हम लोग' : वर्ध्याच्या खासदारांपासून बडकीपर्यंत

पण या वर्षाचा खरा मानकरी कार्यक्रम वेगळाच. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. आपल्या देशातली पहिली लांबलचक कौटुंबिक मालिका!

तिच्या जन्माची गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यापाशी येऊन पोहोचते. वसंत साठे हे वर्ध्याचे खासदार. भांदक स्टेशनवरून गाडीत बसलं की सेवाग्रामला उतरून जिथे जातो ना, तेच वर्धा. १९८० च्या सुमारास ते माहिती आणि प्रसारण मंत्री होते. देशात रंगीत टीव्ही यावा म्हणून हट्ट धरणाऱ्यांत ते पुढे होते, आणि १९८२ मध्ये तो आलाही. त्याच साली ते मेक्सिकोला गेले. तिथे मालिकांतून लोकांना चांगल्या गोष्टी शिकवायचा प्रयोग झाला होता. लिहायला-वाचायला शिका, कुटुंब लहान ठेवा, असं गोष्टीतून सांगायचं. आपल्याकडेही असं का करू नये, हा विचार तिथून आला, असं सांगतात.

मालिका लिहिली मनोहर श्याम जोशी यांनी. त्यात एक साधं कुटुंब होतं. दारूच्या नादी लागलेले वडील बसेसर राम, सगळं मुकाट्यानं सोसणारी आई भागवंती, आजी-आजोबा आणि पाच भावंडं : लल्लू, बडकी, मंझली, नन्हे आणि छुटकी. नन्हेला क्रिकेटपटू व्हायचं होतं, छुटकीला डॉक्टर, मंझलीला सिनेतारका. प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ नट अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे, आपल्या आजोबांसारखे.

गंमत पुढेच आहे. पहिले काही भाग लोकांना आवडलेच नाहीत! का? तर त्यात उपदेशाचा डोस फार झाला होता. शाळेत मिळतो तेवढा पुरे, घरीही तोच कशाला? मग लेखकानं उपदेश कमी केला, गोष्ट वाढवली, आणि लोकांनी मालिका डोक्यावर घेतली. दीडशेहून जास्त भाग झाले. १७ डिसेंबर १९८५ पर्यंत ती चालली.

आणि पत्रं! सुमारे चार लाख पत्रं आली. ईमेल नाही, मोबाईल नाही. पोस्टातून कार्ड आणायचं, शाईनं लिहायचं, पेटीत टाकायचं. बडकीनं लग्न करावं की नाही, यावर लोकांनी सल्ले पाठवले, जणू ती आपल्याच घरची लेक!

नंतर अभ्यासकांनी ही पत्रं वाचली, प्रेक्षकांशी बोलले, तेव्हा एक चकित करणारी गोष्ट कळली. लेखकाला वाटत होतं, भागवंतीचे हाल पाहून लोक म्हणतील, "बाईनं असं मुकाट सोसू नये." पण बऱ्याच जणांना, अगदी बायकांनासुद्धा, भागवंतीच आदर्श वाटली! शिकवायचं होतं एक, शिकले दुसरंच. आईबाबांनो, ही ओळ खास तुमच्यासाठी. मूल काय बघतं एवढंच पाहू नका. बघून झाल्यावर त्याला काय वाटलं, तेही विचारा.

नूडल्स आणि साबण

'हम लोग'च्या मागे आणखी एक नवी गोष्ट होती. तिचा खर्च उचलला होता मॅगी नूडल्सनं. दूरदर्शनवर मालिकेला असा प्रायोजक मिळण्याची ती सुरुवात. मालिका पोहोचली तिथे तिथे मॅगीचं नावही पोहोचलं.

अमेरिकेत ही रीत फार जुनी. तिकडे दुपारच्या मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणायचे, कारण साबणाच्या कंपन्या त्यांना पैसे द्यायच्या. १९८४ मध्ये अमेरिकेत एबीसी, सीबीएस आणि एनबीसी अशा तीन बड्या वाहिन्या होत्या, शिवाय केबल. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे 'जेपर्डी' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम नव्यानं सुरू झाला. त्यात उत्तर आधी देतात आणि प्रश्न स्पर्धकानं ओळखायचा! त्याच महिन्यात 'ट्रान्सफॉर्मर्स' हे कार्टून सुरू झालं. पण तिथे खेळणी आधी बाजारात आली होती, कार्टून मागाहून. मग सांगा बरं, कार्टूनसाठी खेळणी होती की खेळण्यांसाठी कार्टून? आज मोबाईलवर फुकट दिसणारा व्हिडिओ बघतानाही हाच प्रश्न विचारायची सवय ठेवा : याचे पैसे कोण देतंय?

एकच खिडकी

भारतातल्या बहुतेक गावांत मात्र तेव्हा एकच वाहिनी होती. त्यात मजा होती तसा धोकाही होता.

३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी दिल्लीत इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीच्या रेडिओवर त्यांच्या निधनाची बातमी दिवसाच ऐकू आली होती. दूरदर्शननं ती सांगितली संध्याकाळी. नंतरच्या दिवसांत दिल्लीत हजारो शीख बांधवांना प्राण गमवावे लागले. ३ नोव्हेंबरला झालेले अंत्यसंस्कार देशभर लोकांनी पडद्यावर पाहिले. त्या दिवशी कितीतरी घरांत चूल पेटली नाही. एकाच वेळी सगळा देश रडताना दिसावा, ही टीव्हीची ताकद. पण एकच खिडकी असेल, तर ती उघडेपर्यंत बाहेर काय चाललंय ते कळत नाही, हेही तेव्हाच लोकांच्या ध्यानात आलं.

आणि आपण कुठे?

खिडकीची आणखी एक अडचण होती. त्या छोट्या प्रक्षेपकांवरून मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम यायचे. 'हम लोग'मधली माणसं आपल्यासारखीच होती, पण त्यांची गल्ली दिल्लीकडची, बोली हिंदी. आपल्या झाडीपट्टीची बोली, वर्धा-इरईचं खोरं, कोळशाच्या खाणी, विजासनची लेणी, हे पडद्यावर कधी दिसायचं? फारच क्वचित.

मग आपले लोक नुसते पडद्याकडे बघत बसले का? छे! टीव्ही आला की नाटकं संपणार, असं पुष्कळांना वाटलं होतं. पण वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर आजही गावोगाव निघतात. मंडई, शंकरपट अशा निमित्तानं रात्रभर नाटक रंगतं. थंडीत घोंगडं पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. का टिकली ही रंगभूमी? कारण तिथे प्रेक्षक आपल्या भाषेत हसतो, रडतो, आणि नटाला ते समोर दिसतं.

तुमच्यासाठी कामगिरी

ते १०० वॅटचे प्रक्षेपक आता बंद झाले आहेत. आता छपरावर अँटेना नाही, तबकडी आहे. खिशात मोबाईल आहे आणि वाहिन्या मोजता येत नाहीत. पण १९८४ च्या प्रेक्षकांनी एक गोष्ट केली, ती आपल्यालाही करता येईल. त्यांनी नुसतं पाहिलं नाही, लिहून कळवलं. आवडलं नाही, तेही सांगितलं. म्हणून मालिका बदलली.

तेव्हा येत्या आठवड्यात हे करा. एक वही घ्या. गल्लीतल्या तीन मोठ्या माणसांना भेटून पहिल्या टीव्हीची, चाळीस जणांनी मिळून पाहिलेल्या कार्यक्रमाची आठवण लिहून घ्या. दुसऱ्या पानावर तुम्ही रोज बघता तो एक कार्यक्रम लिहा : त्यात काय पटलं, काय नाही, पैसे कुणाचे. आणि तिसऱ्या पानावर लिहा, भद्रावतीवर मालिका काढायची झाली तर पहिल्या भागात कोण असेल. खाणीतून रात्रपाळी करून येणारे बाबा? भांदक स्टेशनवरचा चहावाला? की शाळेच्या ग्राउंडवर रोज पळायचा सराव करणारी तुमचीच ताई?

लिहून झालं की आम्हाला नक्की पाठवा. अक्षर चांगलं नसलं तरी चालेल, पण गोष्ट आपल्या गावची हवी!