जंगल बघायला कधी जावे?

बालमित्रांनो, जंगल बघायला जायचं म्हटलं की आपण आधी डबा भरतो. पण आमचे गुरुजी म्हणतात, आधी ऋतू बघावा, मग पिशवी भरावी.

परवा गुरुजींनी नकाशात आफ्रिका खंडातला केनिया देश दाखवला. त्याची राजधानी नैरोबी. विषुववृत्त त्या देशातून जाते. तिथे वर्षातून दोनदा पावसाळा येतो. मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. जुलै ते सप्टेंबर हे महिने कोरडे असतात. तेव्हा लोक तिथे सफारीला जातात. सफारी हा तिकडच्या स्वाहिली भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ प्रवास. आपला सफर आणि त्यांचा सफारी, दोन्ही एकाच अरबी शब्दापासून आले.

आपल्याकडे मात्र उलटं हाय. जुलै ते सप्टेंबर आपला पावसाळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाचा मुख्य भाग तेव्हा बंद असतो. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. ते 1955 साली झाले.

आपल्या लातूरकरांना जवळचे जंगल म्हणजे पैनगंगा अभयारण्य. ते नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत आहे. माझ्या मामाचं गाव किनवट तालुक्यात आहे. नांदेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे किनवटवरून जाते. जंगलात सागाची झाडं लई आहेत. बिबट्या, अस्वल, रोही, रानडुक्कर हे प्राणी आहेत. रोही म्हणजे नीलगाय.

पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघावा. पण गवत उंच वाढते, प्राणी दिसत नाहीत. हिवाळ्यात हवा छान असते. पण पाणी जागोजागी असते, म्हणून प्राणी पांगलेले असतात. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात, लांबवर दिसते. ओढे आटतात. मग सगळे प्राणी पाणवठ्यावर येतात. म्हणून बुद्ध पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात मचाणावर बसून प्राणी मोजतात.

मी मामाला म्हणलो, "मग मी मे महिन्यातच येतो!" मामा म्हणले, "ये बाबा. पण तुमच्या गावात टँकर कवा येतो रे?" मी म्हणलो, "मे महिन्यात." मामा म्हणले, "मग प्राणी पाण्यावर कामून येतात, ते आता तूच सांग."

तेव्हा मला समजलं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आजी सांगते, तेव्हा घागरीसाठी रात्र रात्र जागावं लागायचं. प्राण्यांना तर घागरही नाही. आपण पाणवठ्यावर गोंधळ केला तर ते तहानलेलेच परत जातात.

म्हणून मित्रांनो, उन्हाळ्यात जरूर जावे, पण हे नियम पाळावेत.

1. वनखात्याची परवानगी घ्यावी.
2. सकाळी लवकर जावे.
3. भडक कपडे घालू नयेत.
4. प्यायचे पाणी घरून न्यावे.
5. पाणवठ्यापासून लांब, गप बसावे.
6. प्लॅस्टिक टाकू नये.

आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं घरच्या माणसाला तहानलेलं ठेवू नये.

इयत्ता चौथी