अब्जांश जेल, त्वचेवरील

औषधाचे किंवा औषधवाहकाचे अतिसूक्ष्म कण ज्यात पसरविलेले असतात, अशा त्वचेवर लावावयाच्या जेलास अब्जांश जेल म्हणतात. मीटरच्या एक अब्जांश भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कण काही नॅनोमीटरांपासून काही शे नॅनोमीटरांपर्यंत आकारमानाचे असतात. जेल हे बहुवारिकाच्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे अर्धघन कलिल असून ते त्वचेवर टिकून राहते.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर बहुतेक ठिकाणी केवळ १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. तथापि त्यातील मृत कोशिका व त्यांमधील लिपिडे यांमुळे औषधाचा मार्ग अडतो; ५०० डाल्टनपेक्षा अधिक रेणुभाराची द्रव्ये त्यातून फारशी जात नाहीत. कण लहान केल्याने हा अडसर आपोआप दूर होतो, हा समज बरोबर नाही. अखंड त्वचेवर घन कण बहुतांशी पृष्ठभागावर व केसांच्या मुळांभोवतीच्या पोकळ्यांत राहतात आणि तेथून औषध सावकाश सुटते. लिपोसोमांसारखे मऊ वाहक मात्र शृंगस्तरातील लिपिडांत मिसळून औषधाचा प्रवेश सुकर करू शकतात.

भाजलेल्या जखमेत स्थिती निराळी असते. तेथे शृंगस्तर नष्ट झाल्याने सूक्ष्मजंतूंना वाट मोकळी होते व संसर्ग जिवावर बेतू शकतो. अशा जखमांवर १% सिल्व्हर सल्फाडायाझीन मलम वापरतात. त्याच्या १ ग्रॅममध्ये सु. ३ मिग्रॅ. चांदी असते. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर व त्यांचे सहकारी यांनी चांदीच्या ७ ते २० नॅनोमीटर आकारमानाच्या कणांचे जेल तयार केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार या जेलाच्या १ ग्रॅममध्ये चांदी केवळ ०·१ मिग्रॅ. होती; तरीही प्रयोगशाळेत त्याची जंतुनाशक क्षमता वरील मलमाच्या तोडीची आढळली. कण लहान झाले की तेवढ्याच वजनाच्या चांदीचे पृष्ठफळ वाढते व तीपासून जंतुनाशक आयन अधिक सुटतात. उंदरांच्या त्वचेवरील अल्पकालीन चाचण्यांत हे जेल निर्धोक ठरले.

चांदीची मात्रा कमी ठेवण्यास महत्त्व आहे. कारण उघड्या जखमेतून ती रक्तात शिरू शकते आणि दीर्घकाळ साचल्यास त्वचेस कायमचा निळसर करडा रंग येतो. म्हणून अखंड त्वचेवर निर्धोक ठरलेले जेल जखमेवर वापरण्यापूर्वी त्याची स्वतंत्र परीक्षा होणे आवश्यक असते.