कोरड्या बोअरचा हिशेब

उन्हाळा तोंडावर आला की मराठवाड्याच्या शिवारांत विंधनयंत्राच्या गाड्या फिरू लागतात. त्यांच्या आधी येतो पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चालतो. नारळ उभा राहतो आणि जागा ठरते. या व्यवहारात धोका कोणाचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते. यंत्रवाल्याला मजुरी फुटावर मिळते, पाणी लागो वा न लागो. पाणाड्याचे यश पंचक्रोशीत गाजते, अपयश दैवाच्या खाती जमा होते. कर्ज तेवढे शेतकऱ्याच्या नावावर राहते.

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्यात पाणी सर्वत्र पसरलेले नसते. ते झिजलेल्या मुरमाड थरात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सांध्यांत साठते. एका बोअरला पाणी आणि पन्नास फुटांवर नुसती धूळ, हा खडकाच्या घडणीचा प्रताप आहे. विद्युत-रोधकता पद्धतीने या घडणीचा अंदाज घेता येतो. जमिनीत चार खुंट्या रोवून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजतात. खुंट्यांतील अंतर वाढवीत नेले की अधिकाधिक खोलीचा अंदाज मिळतो. अभंग पत्थर प्रवाहाला मोठा विरोध करतो, पाणी धरलेला भेगाळ खडक कमी.

पद्धत सर्वज्ञ नव्हे. चिकणमाती आणि खारे पाणी यांचाही विरोध कमीच भरतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ही गफलत महाग पडेल. भोवतालच्या विहिरींच्या पाहणीची जोड म्हणूनच हवी. तरीही हा खर्च कोरड्या बोअरच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

मग सर्वेक्षण मागे का पडते? ‘येथे खोदू नका’ हा त्याचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष. आणि नेमका तोच ऐकण्यासाठी पैसे मोजावयास कोणी राजी नसतो! राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. परंतु खासगी बोअरला कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला, ही माहिती बहुधा गाडीबरोबरच गावाबाहेर जाते. फसलेल्या बोअरची नोंद शेजाऱ्याचे हजारो रुपये वाचवू शकते. ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवण्याची सक्ती सर्वेक्षणाच्या अनुदानाइतकीच आवश्यक आहे.

अर्थात, जागा अचूक सापडल्याने भूगर्भातील साठा वाढत नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले, ते याच कारणाने. दोन बांधांखालची भेग एकच असेल, तर एकाच्या अचूक बोअरने दुसऱ्याची विहीर आटते, आणि त्या नुकसानीचा आकडा कोणाच्याच वहीत चढत नाही.