तोलामोलाची जोड

कुस्तीच्या फडांत जोड लावणारे वस्ताद मोठे जाणते असतात. गडी कितीहि लहान असो, त्याच्या तोलाचा गडी समोर आला म्हणजे कुस्ती रंगते. जोड विजोड झाली, तर एकाला जिंकल्याचें सुख नाहीं आणि दुसऱ्याला झुंजल्याचें समाधान नाहीं. हेंच साधें तत्त्व एका जागतिक क्रीडामहोत्सवाच्या मुळाशीं आहे. त्याचें नांव ‘स्पेशल ऑलिंपिक्स’. ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मतः किंवा बालपणींच मंदावली, शिकणें, समजणें व नित्याचे व्यवहार संभाळणें ज्यांना कठीण जातें, अशा खेळाडूंसाठीं हा महोत्सव भरतो.

अशीं मुलें गरिबांच्या घरीं जन्मतात, तशींच श्रीमंतांच्याहि घरीं जन्मतात; आणि दोन्हीं घरीं तीं लपविलीं जातात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची धाकटी बहीण रोझमेरी ही अशीच एक मुलगी. तिचा जन्म 1918 सालचा. ती तेवीस वर्षांची असतांना, 1941 सालीं, वडिलांच्या संमतीनें तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यांत आली. तिचा स्वभाव शांत व्हावा हा हेतु; परंतु त्यायोगें तिची चालण्याची व बोलण्याची शक्तीच बहुतेक नाहींशी झाली. तिचें पुढील आयुष्य दूरच्या एका संस्थेंत गेलें, आणि कित्येक वर्षें जगाला तिच्या स्थितीची वार्ताहि नव्हती. 1962 सालीं तिची धाकटी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनीं एका प्रसिद्ध नियतकालिकांत लेख लिहून आपल्या घरीं बौद्धिक अक्षमता असलेली बहीण आहे, हें उघड सांगितलें. एवढ्या मोठ्या घराण्यानें झांकली मूठ उघडल्यावर अनेक आईबापांच्या मनावरील लाजेचें ओझें हलकें झालें.

त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत युनिसबाईंनीं मेरिलंड प्रांतांतील आपल्या घराच्या विस्तीर्ण आवारांत अशा मुलांचें एक शिबिर भरविलें. पोहणें, धांवणें, चेंडूचे खेळ, घोड्यावर बसणें, असा कार्यक्रम होता, आणि मुलांच्या सोबतीला शाळा-कॉलेजांतील तरुण विद्यार्थी होते. याच सुमारास कॅनडांतील डॉ. फ्रँक हेडन हे अशा मुलांच्या शरीरसामर्थ्याचा अभ्यास करीत होते. हीं मुलें शरीरानें दुबळीं दिसतात हें खरें. पण त्या दुबळेपणाचें कारण बुद्धि नसून बसून राहणें हें आहे, असें त्यांना आढळून आलें. ज्याला कधीं कोणी मैदानावर नेलेंच नाहीं, त्याच्याविषयीं ‘याला धांवतां येत नाहीं’ असा निवाडा लोकांनीं देऊन टाकलेला होता!

20 जुलै 1968 रोजीं शिकागो शहरांतील ‘सोल्जर फील्ड’ नामक विशाल क्रीडांगणांत पहिला महोत्सव भरला. अमेरिकेंतील 26 राज्यें व कॅनडा येथून सुमारें एक हजार खेळाडू आले होते. प्रेक्षक मात्र मूठभर होते. आज उन्हाळी व हिवाळी असे दोन महोत्सव प्रत्येकीं चार वर्षांच्या अंतरानें, दोन वर्षांआड आलटून पालटून भरतात. पहिला हिवाळी महोत्सव 1977 सालीं झाला. 1988 सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें या चळवळीला मान्यता दिली. 2003 सालचा उन्हाळी महोत्सव प्रथमच अमेरिकेबाहेर, आयर्लंडांत डब्लिन येथें झाला, आणि त्याचें उद्घाटन नेल्सन मंडेला यांच्या हस्तें झालें. स्पर्धेपूर्वीं निरनिराळ्या देशांच्या पथकांना आयर्लंडांतील गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या गांवीं पाहुणे म्हणून ठेवून घेतलें. 2023 सालीं बर्लिन येथें सुमारें सात हजार खेळाडू जमले होते.

आतां जोड कशी लावतात तें पाहूं. प्रथम खेळाडूंचे स्त्री-पुरुष व वय यांप्रमाणें वर्ग पाडतात. नंतर प्राथमिक फेऱ्या होतात आणि प्रत्येकाची खरी कुवत नोंदली जाते. मग जवळजवळच्या कुवतीचे तीन ते आठ खेळाडू एका गटांत घालतात. गटांतील सर्वांत चांगल्या व सर्वांत मागच्या खेळाडूंत सामान्यतः शेंकडा पंधरापेक्षां अधिक अंतर असूं नये, असा दंडक आहे. म्हणजे एक जण पोहण्याचें अंतर 60 सेकंदांत तोडीत असेल, तर त्याच्या गटांत 69 सेकंदांपर्यंतचे पोहणारे यावयाचे. 90 सेकंद लागणाऱ्याला वेगळा गट, आणि त्या गटाचींहि वेगळीं पदकें.

येथें कोणी विचारील, ही स्पर्धा कीं भूतदया? दयाच असती, तर घड्याळ कशाला लागतें? पहिल्या तिघांना पदकें मिळतात, चौथ्यापासून आठव्यापर्यंतच्यांना फिती मिळतात. पहिला तो पहिलाच आणि चौथा तो चौथाच. प्राथमिक फेरींत मुद्दाम सावकाश धांवून सोप्या गटांत शिरणारा आणि अंतिम फेरींत भलताच वेग दाखविणारा खेळाडू बाद होऊं शकतो. शारीरिक व्यंग असलेल्यांसाठीं प्रामुख्यानें भरणाऱ्या पॅरालिंपिकहून ही पद्धति निराळी आहे. तेथें सर्वश्रेष्ठांची निवड होऊन थोडेच मैदानांत उतरतात. येथें शिक्षण घेतलेला कोणत्याहि कुवतीचा खेळाडू उतरूं शकतो.

म्हणूनच येथील पदकांची संख्या नेहमींच्या हिशेबानें वाचूं नये. भारतीय पथकानें 2019 सालीं अबू धाबी येथें 368 व 2023 सालीं बर्लिन येथें 202 पदकें मिळविलीं. हे आंकडे पाहून भारत जगांत अमुकवा आला असें म्हणणें व्यर्थ आहे. प्रत्येक पदकामागें एक माणूस आपल्या बरोबरीच्यांशीं खरोखर झुंजला, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो लहान नाहीं.

या मैदानावर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. 1990 नंतरच्या दशकापासून महोत्सवांच्या जागीं खेळाडूंचे डोळे, दांत व कान विनामूल्य तपासण्याची व्यवस्था झाली, तेव्हां कित्येकांना चष्म्याची गरज असूनहि तो कधीं मिळालाच नव्हता, असें दिसलें. मुलाला फळ्यावरचें दिसत नाहीं, आणि घरचे व शाळेंतले म्हणतात कीं, त्याला समजत नाहीं!

स्पर्धेंत उतरण्यास वयाचीं आठ वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात. वरची मर्यादा मुळींच नाहीं. कांहीं खेळांत अक्षमता असलेले व नसलेले खेळाडू एकाच संघांतून खेळतात. मात्र महोत्सव हा थोड्याच दिवसांचा. त्यामागें वर्षभराचा सराव लागतो, आणि तो गल्लींतल्या मैदानावर, शहरांतल्या तलावांतच होतो. त्या तलावापर्यंत मुलाचा हात धरून नेणारें प्रथम कोणी तरी घरचेंच माणूस असावें लागतें.